एका अक्षराची चूक

प्रयोगशाळेत रचलेल्या जनुकसंचावर जगणारा पहिला जीवाणू मे २०१० मध्ये अमेरिकेतील क्रेग व्हेंटर यांच्या संस्थेने जगापुढे आणला. त्या यशाचा गाजावाजा पुष्कळ झाला. त्याआधी मात्र कित्येक आठवडे प्रयोग अडून बसला होता. कारण सुमारे १० लाख ८० हजार अक्षरांच्या त्या डीएनएतून एकच अक्षर गळाले होते, तेही जीवाणूला ज्याशिवाय जगता येत नाही अशा जनुकातून. कृत्रिम जनुकसंचाचे ११ तुकडे नैसर्गिक तुकड्यांशी आलटूनपालटून जोडून पाहिल्यावर दहा निर्दोष ठरले आणि दोष कोणत्या तुकड्यात आहे ते कळले.

अशी चूक निव्वळ निष्काळजीपणाची नसते. डीएनएची साखळी रसायनांच्या साहाय्याने एकेक अक्षर जोडत वाढवली जाते. प्रत्येक जोडणी ९९.५ टक्के यशस्वी झाली, तरी २०० जोडण्यांनंतर पूर्ण उतरलेल्या साखळ्या जेमतेम ३७ टक्के भरतात. म्हणूनच मोठे जनुक लहान तुकडे सांधून बनवतात. पण तुकड्यांतील चुकाही सोबत येतात.

त्यावरचा एक उपाय निसर्गाकडूनच घेतला आहे. दुहेरी साखळ्या उकलून पुन्हा जुळू दिल्या, की चुकीच्या अक्षरासमोर बहुधा बरोबर अक्षर येते आणि तिथे जोडी जमत नाही. जीवाणूंमधील ‘म्यूटएस’ हे प्रथिन अशा जागा ओळखून तिथे चिकटते. ते चिकटलेले रेणू वेगळे काढले, की उरलेल्या साठ्यातील चुका बऱ्याच घटतात. तरीही अखेरीस अक्षरन् अक्षर वाचून खात्री करावीच लागते.

नेमका हाच टप्पा खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी टाळण्याचा मोह होतो. एमआरएनए लस डीएनएच्या साच्यावरूनच तयार होते; साच्यातील चूक पुढच्या प्रत्येक प्रतीत उतरते. संशोधनात तर न तपासलेल्या जनुकामुळे चांगली कल्पनाही निकामी ठरू शकते.

केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरण मंजूर करून जैवउत्पादनाला चालना देण्याचे ठरवले आहे. त्यात डीएनए बनवण्याच्या क्षमतेइतकेच महत्त्व तो तपासण्याच्या सोयींना मिळायला हवे. संशोधनासाठी अनुदान देताना पडताळणीचा खर्च वेगळा धरावा आणि पडताळणीचा अहवाल मागावा. मुद्रितशोधन न करता पुस्तक छापले, तर शुद्धिपत्र जोडता येते. औषधाला तशी सोय नसते.