धडे फुकट, ज्वारी कवडीमोल



२०१८ पासून दर सप्टेंबरात सरकारचा ‘पोषण माह’ येतो. कर्जतजवळच्या दहिवलीला भात पिकतो, आपल्याकडे कापूस-ज्वारी. धडा मात्र एकच: बायांनो, सकस खा! शेतकीची पदवी घेऊन आम्हीही हेच धडे दिले. चुकलो.

कर्जत-खालापूरची कातकरी बाई दिवाळीनंतर पोरांसह वीटभट्टीवर जाते, ती अडाणी म्हणून नव्हे. गावात मजुरी नाही म्हणून.

२०२३ साल भरडधान्याचे म्हणून गाजवले. रेशनच्या पिशवीत मात्र बहुतेक गहू-तांदूळच पडला. ज्वारी पौष्टिक ना? मग अंगणवाडीसाठी ती आमच्या खळ्यावरून हमीभावाने उचला!

ज्वारीला भाव द्या, हाताला काम द्या. ताटात काय वाढायचे, ते आमच्या बाया जाणतात.