चारठाण्याहून पोर्ट ऑफ स्पेनला



परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्याहून सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. तो लिहितो, ‘मला वसंत ऋतूत वेस्ट इंडीजला जायचं आहे, समुद्राकाठच्या शहरात. वर्गात सांगितलं तर सगळे हसले. एकजण म्हणाला, एसटी कुठून लागते रे? तुम्ही सांगा, तयारी कशी करायची?’

हसणाऱ्यांचं सोडा. पण एसटीचा प्रश्न अगदी बरोबर आहे बरं का! कुठल्याही लांबच्या प्रवासाची सुरुवात आपल्या गावच्या थांब्यावरूनच होते. तेव्हा अ‍ॅटलास काढा, पेन्सिल घ्या, आणि शाळेतला पृथ्वीचा गोल मिळाला तर तोही आणा. आज आपण ही सहल खरीच निघणार आहे असं धरून आखू या.

पहिली गोष्ट म्हणजे वेस्ट इंडीज हा एक देश नव्हेच. क्रिकेटपुरते एकत्र येणारे ते वेगवेगळे देश आहेत, त्यातली बहुतेक बेटं. जमैकातलं किंग्स्टन आणि त्रिनिदादमधलं पोर्ट ऑफ स्पेन यांच्यात सुमारे १,८०० किलोमीटर अंतर आहे. परभणीहून श्रीनगर याहून जवळ! म्हणून ‘वेस्ट इंडीजला जायचं’ असं नुसतं म्हणून चालत नाही, शहर ठरवावं लागतं. मी पोर्ट ऑफ स्पेन ठरवलं. का, ते सांगतो.

१९७१ साली अजित वाडेकरांचा भारतीय संघ तिकडे गेला होता. फेब्रुवारी ते एप्रिल, म्हणजे ऐन वसंतातला दौरा. बोटाच्या दुखण्यामुळे एकवीस वर्षांचा सुनील गावसकर पहिली कसोटी खेळू शकला नाही. दुसरी कसोटी मार्चमध्ये पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हल मैदानावर झाली आणि तिथे त्याचं पदार्पण झालं. ६५ आणि नाबाद ६७. भारताने तो सामना ७ गडी राखून जिंकला. वेस्ट इंडीजविरुद्धचा आपला तो पहिलाच कसोटी विजय. मग पुढचे आकडे : ११६, नाबाद ६४, १, नाबाद ११७, १२४ आणि २२०. करा बरं बेरीज! चार कसोट्यांत ७७४ धावा. शेवटच्या दोन खेळी पुन्हा पोर्ट ऑफ स्पेनलाच झाल्या, त्याही दाढ भयंकर ठणकत असताना. मडगावच्या दिलीप सरदेसाईंनी याच मालिकेत ६४२ धावा केल्या, हेही विसरू नका. गावसकरांवर तिथल्या लॉर्ड रिलेटर नावाच्या गायकाने कॅलिप्सो रचलं. हरलेल्या संघाच्या गावात जिंकणाऱ्याचं गाणं! असं गाव पाहायला नको का?

आता महिना. सहलीचं खरं घोडं इथेच अडतं.

आपल्याकडे वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. पळस फुलतो, आंब्याला कैऱ्या लागतात. त्रिनिदादला मात्र थंडीनंतर येणारा वसंत ठाऊकच नाही, कारण तिथे थंडीच नाही. तिथे ऋतू दोनच, कोरडा आणि ओला. जानेवारी ते मे कोरडा, जून ते डिसेंबर पावसाचा. पण कोरड्या दिवसांत डोंगरउतारांवर पुई नावाची झाडं पिवळ्या आणि गुलाबी फुलांनी भरून जातात, पानं गळलेली असताना, आपल्या पळसासारखीच. तिकडच्या कॉलेजातली मुलं म्हणतात, पुई फुलली आणि अजून अभ्यासाला बसला नसाल तर उशीर झालाच समजा. परीक्षेने तिथेही पाठ सोडलेली नाही!

म्हणजे मार्च-एप्रिल उत्तम. त्यातून मार्चमध्ये तिथे फगवा असतो. फगवा म्हणजे आपली होळी-रंगपंचमी. पण मार्च-एप्रिलमध्ये तुम्ही कुठे असता? परीक्षेच्या बाकावर. सुट्टी लागते ती मे महिन्यात, आणि जूनपासून तिकडे पाऊस. १ जूनपासून कॅरिबियन समुद्रातल्या चक्रीवादळांचा मोसमही धरला जातो. त्रिनिदाद अगदी दक्षिणेला असल्याने तिथे वादळं क्वचित धडकतात, पण पाऊस काही कुणाला सोडत नाही. म्हणजे आपल्याला उरला मे. फार तर पुई उशिराची दिसेल, फगवा तर चुकणारच. चुकू दे. मी सहल २० मे ते ३१ मे अशी आखली. पाऊस चार दिवस आधी आला तर भिजू! एवढा धोका मी का पत्करला, ते पुढे कळेल.

उन्हाचं काय, असं आई विचारेलच. आईला सांगा, मे महिन्यात परभणीचा पारा ४० च्या वर असतो, पोर्ट ऑफ स्पेनचा ३२-३३ च्या आसपास. उन्हाळ्यात चारठाण्याहून निघून विषुववृत्ताच्या दिशेने जायचं आणि तरी उकाडा कमी! समुद्राची ही करामत. घाम मात्र चिकट येतो. आणखी एक गंमत. पोर्ट ऑफ स्पेन साडेदहा अंश उत्तर अक्षांशाच्या जरा वर आहे. तिथे १८ एप्रिलच्या आसपास भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि उभ्या माणसाची सावली पायाखाली नाहीशी होते. १९७१ ची ती शेवटची कसोटी १३ ते १९ एप्रिल या काळातली. म्हणजे दुपारी खेळपट्टीवर गावसकरची बॅट होती, सावली जवळजवळ नव्हती! चारठाणं साधारण साडेएकोणीस अंशांवर आहे, तिथे हीच गंमत १८ मेच्या सुमारास होते. निघायच्या दोन दिवस आधी अंगणात काठी रोवून बघा.

आता उलटा विचार करू. पोर्ट ऑफ स्पेनच्या एखाद्या मुलीला वाटलं, चारठाण्याची ती यादवकाळातली देवळं पाहावीत, गोकुळेश्वराचं मंदिर, कोरीव बारव, तो उंच दगडी स्तंभ. तर तिला तुम्ही मे महिन्यात बोलवाल का? ‘छे, दिवाळीनंतर ये’ असंच सांगाल. हे गावातल्या कुणालाही सहज कळतं, पण चौदा हजार किलोमीटरवरच्या मुलीला कसं कळणार? म्हणून ज्या गावाला जायचं, त्या गावाच्या पावसाचं आणि उन्हाचं वेळापत्रक आधी विचारायचं, तिकीट मग.

हो, चौदा हजार किलोमीटरहून थोडं जास्तच. गोल समोर आहे ना? एक दोरा घ्या. एक टोक मराठवाड्यावर, दुसरं त्रिनिदादवर, आणि ताणा. तुम्हाला वाटेल दोरा आफ्रिकेवरून सरळ पश्चिमेला जाईल. तो जातो उत्तरेकडे वाकून, इटलीच्या पायथ्याशी असलेल्या सिसिली बेटाजवळून! गोलावरचा सर्वांत जवळचा रस्ता सपाट नकाशावर वाकडा दिसतो. मुंबईहून पोर्ट ऑफ स्पेनला थेट विमान नाही, लंडन किंवा न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी बदलावं लागतं. लंडन नकाशावर भलतंच वर वाटतं, पण दोरा पाहिल्यावर ते तितकं आडवाटेला वाटत नाही.

तर एसटी : चारठाण्याहून जालना. तिथून रेल्वेने मुंबई. मुंबईहून विमान, मग दुसरं विमान, आणि शेवटी पियार्को विमानतळ.

पुढचा भाग आई-बाबांना मोठ्याने वाचून दाखवा, कारण सहली इथेच फसतात. सगळ्यांचे पासपोर्ट लागतील, तुमचाही. अठरा वर्षांखालच्या मुलांचा पासपोर्ट सहसा पाच वर्षांचा किंवा अठरावं वर्ष पूर्ण होईपर्यंतचा, यातलं जे आधी येईल तोपर्यंतचा असतो. ताई सतरा वर्षांची असेल तर तिचा आधी पाहा. मग व्हिसा. लोक फक्त जायच्या देशाचे नियम पाहतात आणि वाटेतला देश विसरतात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं असलं तरी भारतीय माणसाला व्हिसा लागतो. म्हणून आधी मार्ग ठरवा, मग दोन्ही देशांचे नियम त्यांच्या वकिलातीकडून तपासून घ्या, आणि पैसे त्यानंतरच भरा.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. त्रिनिदादच्या जंगलात पीतज्वर, म्हणजे यलो फीवर, आहे. तो डासांमुळे पसरतो. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवू शकणारे डास मात्र भरपूर आहेत. म्हणून तिकडून परतणाऱ्याकडे लस घेतल्याचा दाखला नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं. विचार करा, विमान मुंबईत उतरलंय, आजी वाट पाहतेय, आणि तुम्ही दवाखान्यात! लस ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि दाखला टोचल्यापासून दहा दिवसांनी लागू होतो. त्या हिशेबाने मुंबईची एक खेप आधीच करावी लागेल. एकदा घेतली की जन्मभर पुरते.

आणखी एक धडा २००७ च्या विश्वचषकाचा. तो वेस्ट इंडीजमध्ये झाला. १५ एप्रिलला बार्बाडोसला भारत-पाकिस्तान सामना होणार असं धरून कितीतरी लोकांनी आधीच तिकिटं काढली. भारत मार्चमध्येच पोर्ट ऑफ स्पेनला बांगलादेश आणि श्रीलंकेकडून हरून बाहेर पडला, पाकिस्तानही गेला. १५ एप्रिलला त्या मैदानावर खेळले आयर्लंड आणि बांगलादेश! क्रिकेटच्या भरवशावर तिकीट काढू नये. मैदान कुठे पळून जात नाही.

पोहोचलात एकदाचे! घड्याळ साडेनऊ तास मागे करा. का साडेनऊ? आपलं घड्याळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशाचं, त्यांचं ६० पश्चिम. दोन्ही मिळून साडेएकशेबेचाळीस अंश. दर अंशाला ४ मिनिटं, म्हणजे ५७० मिनिटं. तिथे सकाळचे साडेदहा वाजतात तेव्हा चारठाण्यात रात्रीचे आठ. आजीला फोन त्याच वेळी करा.

शहरात एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, नाहीतर हिरमोड होईल. पोर्ट ऑफ स्पेन समुद्राकाठी आहे खरं, पण तिथे पोहायची पुळण नाही. ते बंदर आहे. लाटांत खेळायला डोंगर ओलांडून पलीकडच्या मराकासच्या किनाऱ्याला जावं लागतं, मोटारीने तासभर. संध्याकाळी करोनीच्या खाडीत होडीतून गेलात तर लाल शराटी पक्ष्यांचे थवे झाडांवर उतरताना दिसतील, हिरवं झाड पाहता पाहता लाल होतं. आणि पूर्व किनाऱ्यावर मतुरा इथे मार्च ते ऑगस्ट या काळात रात्री अवाढव्य कासवं अंडी घालायला येतात. तिथे परवाना आणि वाटाड्या हवाच, बॅटरीचा झोत टाकायचा नाही. माझ्या मते बाकी काही राहिलं तरी चालेल, ही रात्र राहता कामा नये.

आता ३० मेचं गुपित. १८४५ साली याच तारखेला ‘फातेल रजाक’ नावाचं जहाज कलकत्त्याहून तीन महिन्यांहून अधिक प्रवास करून पोर्ट ऑफ स्पेनला लागलं. त्यात सव्वादोनशेच्या आसपास भारतीय मजूर होते, उसाच्या मळ्यांत करारावर राबायला आणलेले. १९१७ पर्यंत असे १ लाख ४० हजारांहून जास्त लोक आले. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यांनी कसली तयारी केली असेल? कित्येकांना आपण नेमके कुठे चाललोय हेही नीट सांगितलं गेलं नव्हतं. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबं तुम्ही पाहिली आहेत. त्यांचं बिऱ्हाड निदान सहा महिन्यांनी परत येतं. त्या जहाजातले बहुतेक परतले नाहीत. ३० मेला तिथे ‘भारतीय आगमन दिन’ म्हणून सार्वजनिक सुट्टी असते. म्हणून तर पावसाचा धोका पत्करून मी ३१ तारखेपर्यंत थांबलो.

त्या दिवशी रस्त्यावर ‘डबल्स’ खा. मऊ, तळलेल्या दोन पुऱ्यांना तिथे ‘बारा’ म्हणतात, त्यात मसालेदार चना. शेजारच्या घरात एखादं पोर वडिलांच्या आईला हाक मारेल, ती कान देऊन ऐका. ते तिला ‘आजी’च म्हणतं!

खर्चाचा आकडा मी दिलेला नाही. विमानाचं तिकीट रोज बदलतं. चौघांचे काही लाख लागतील हे खरं, आणि चारठाण्यातल्या बहुतेक घरांना ते यंदा जमणारं नाही हेही खरं. पण आखलेली वही जपून ठेवा. पासपोर्ट, लस, पाऊस, रेखांश, कासवं, सगळं तारखांसकट लिहा. आणि पत्र लिहिणाऱ्या मित्रा, पुढच्या वेळी वर्गात कुणी एसटीचं विचारलं तर सांग, ‘जालन्याची.’

आता कोडं. किंग्स्टनचं घड्याळ ७५ पश्चिम रेखांशाचं आहे. चारठाण्याच्या शाळेची घंटा सकाळी साडेदहाला झाली, तर त्या क्षणी किंग्स्टनमधली मुलं काय करत असतील? आकडेमोडीसकट पोस्टकार्डावर कळवा. उत्तर पुढच्या अंकात.