बादलीला तळ असतो

हल्ली घर सजविणे म्हणजे आधी न्हाणीघर उखडणे, असा प्रघात पडला आहे. पितळी नळ गळू लागला तर त्याचा वायसर बदलावा, शॉवरच्या जाळीत क्षार साचले तर ती रात्रभर व्हिनेगरमध्ये भिजत घालावी, हा साधा विवेक. परंतु तो बाजाराला परवडत नाही. मग थाळीएवढा ‘रेन शॉवर’ येतो आणि भरीव पितळ भंगारात जाते.

यावर ठेवणीतले उत्तर असे, की नवी उपकरणे पाणी वाचवितात. वाचवितात, पण किती? अमेरिकेने १९९२ च्या कायद्याने शॉवरला मिनिटाला अडीच गॅलनांची, म्हणजे सुमारे साडेनऊ लिटरांची मर्यादा घातली. त्या हिशेबानेही दहा मिनिटांत ९५ लिटर पाणी जाते. भारतीय मानक माणशी १३५ लिटरांपैकी स्नानासाठी ५५ लिटर धरते. वीस लिटरांची बादली त्याच्या आत सहज राहते, कारण बादलीला तळ असतो. शॉवरला वेग असतो, शेवट नसतो.

ज्यांना वाकवत नाही अशा वृद्धांना शॉवर हवाच; तो कमी प्रवाहाचा निवडावा. इतरांनी मात्र आपण हा बदल गरजेपोटी करतो की शेजाऱ्याच्या ईर्ष्येपोटी, हे स्वतःला विचारावे. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले. त्या महाराष्ट्रात पाण्याची उधळण हे वैभवाचे लक्षण मानणे ही अभिरुची नव्हे. ती निव्वळ असभ्यता आहे.