थेंबाला भाव, गोळीला मोकळे रान

विहारात भीमगीते गाणाऱ्या आमच्या एक ताई दोन वर्षांपासून गात नाहीत. तोंडाला लाळच सुटत नाही. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही, जीभ टाळूला चिकटते, दात किडून पडू लागले. कुणी पित्त म्हटले, कुणी पाळी जाण्याच्या वयाचे खूळ म्हटले. देवीचा कोप असेल, असेही एका शेजारणीने सुचवले. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात! अखेर सरकारी रुग्णालयात निदान झाले, शोग्रेन सिंड्रोम.

यात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच लाळेच्या व अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक शोग्रेन यांनी 1933 साली प्रबंधात हा आजार मांडला. दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. म्हणूनच की काय, तक्रार 'मनाची' ठरवली जाते.

आजार समूळ बरा करणारे औषध नाही. पण उरलेल्या ग्रंथींना चेतवून लाळ आणणारे पिलोकार्पिन आहे. ब्राझीलच्या आदिवासींना पूर्वापार ठाऊक असलेल्या जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून 1875 साली ते वेगळे काढले गेले, आणि नाव झाले युरोपच्या रसायनशास्त्रज्ञांचे. आपल्याला हे नवे नाही! अमेरिकेत 1998 साली या आजारासाठी त्याच्या गोळीला मान्यता मिळाली. 5 मिलिग्रॅमची गोळी, दिवसातून चार वेळा. घाम फार येतो. दमेकऱ्यांना आणि काही प्रकारच्या काचबिंदूत ती धोक्याची, म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणी घेऊ नये.

आता कायद्याचे. 2022 च्या राष्ट्रीय अत्यावश्यक औषध सूचीत पिलोकार्पिन आहे, पण ते काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे थेंब म्हणून. 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश सूचीतील नेमक्या स्वरूपाची आणि मात्रेचीच कमाल किंमत बांधतो. म्हणजे तेच रसायन थेंबात असेल तर भावाला चाप, आणि गोळीत असेल तर कंपनी दरवर्षी 10 टक्क्यांपर्यंत भाव वाढवायला मोकळी. हा कुठला न्याय? संविधानाचे कलम 47 सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य मानते. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, पैशाची अडचण सांगून राज्याला वैद्यकीय सेवेची घटनात्मक जबाबदारी टाळता येणार नाही.

ताईंच्या गोळ्या सध्या महिला मंडळाच्या वर्गणीतून येतात. गेल्या महिन्यात वर्गणी कमी पडली, चाराच्या दोन झाल्या. सूचीत थेंबांबरोबर गोळीही घालावी, या मागणीचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला द्यायचे निवेदन मी तयार केले आहे. रविवारी वंदनेनंतर ते विहारात सह्यांसाठी ठेवलेले असेल.