आपली पाळी येईपर्यंत

नीरा डाव्या कालव्यावर जगणाऱ्या बारामती-इंदापूरकरांना पाणीपाळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. आवर्तन सुटले तरी आपला क्रम येईपर्यंत थांबावे लागते आणि मिळेल तेवढ्या पाण्यावर कोणते पीक जगवावयाचे, हे आधीच ठरवावे लागते. १९९९ साली निघालेल्या ‘हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ या संगणकीय खेळाचे मर्म नेमके हेच आहे. त्यातील राज्ये, राक्षस व जादू काल्पनिक असली, तरी सोने, लाकूड व खनिज मोजकेच असते; नवी सैन्यभरती आठवड्याच्या आरंभी होते; आणि एकाच संगणकाभोवती बसलेले सवंगडी आळीपाळीने चाल करतात. प्रकाशक कंपनी २००३ साली दिवाळखोरीत गेली. परंतु चाहत्यांनी नवनवे नकाशे रचून खेळ जिवंत ठेवला. या प्रेमाला निव्वळ गतकाळाचा उमाळा म्हणून हिणवणे उचित नव्हे.

पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला, हे योग्यच झाले. मात्र त्या रोषात पडद्यावरील प्रत्येक खेळाला जुगार ठरवणे अविचाराचे होईल. जुगार विचाराला उसंत देत नाही. आळीपाळीचा खेळ विचार केल्यावाचून पुढे सरकत नाही. त्याच्याही नादात रात्री सरतात, हे खरे. तेव्हा वेळेचे बंधन हवेच. तथापि खेळ हिरावून घेण्यापूर्वी पालकांनी मुलाशेजारी बसून निदान एक डाव खेळून पाहावा.