मांजरीची नसबंदी : तिच्याच आरोग्यासाठी

ज्या घरात तुरीची पोती आहेत, ज्वारीची कणगी आहे, त्या घरात मांजर हवीच. हे बीदर-कलबुर्गीकडील शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण तिच्या प्रकृतीचा विचार सहसा कोणी करीत नाही. म्हणून आम्ही आग्रहाने सांगतो : घरच्या मांजरीची नसबंदी करावी, आणि ती वेळेवर करावी.

मांजर पाच-सहा महिन्यांची झाली, की माजावर येते. सुमारे ६३ ते ६५ दिवसांत विते. पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते. अशी वरचेवर विणारी मांजर झिजते. पिल्लांचे पुढे काय होते, ते आपण जाणतोच. पोत्यात घालून त्यांना ओढ्याकाठी सोडणे हे पाप तर आहेच. उपाशी मरेल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हाही आहे.

याहून गंभीर असे दोन आजार आहेत. पहिला, गर्भाशयात पू होणे. माज होऊन गेल्यावर काही आठवड्यांनी मांजर खाणे सोडते, पाणी फार पिते, पोट फुगते. ती अंग चाटून स्वच्छ ठेवते, त्यामुळे स्राव आपल्या नजरेस पडत नाही. उपचारास उशीर झाला तर ती दगावते. नसबंदीत अंडाशय व गर्भाशय काढले, की हे भय उरत नाही.

दुसरा आजार सडांच्या गाठींचा. मांजरीतील अशा बहुतेक गाठी कर्करोगाच्या असतात. २००५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला. वर्ष उलटल्यावर हा लाभ फारच थोडा उरतो. तेव्हा "एकदा विऊ द्या, मग पाहू" ही समजूत सोडून द्यावी. माज थांबवण्याच्या गोळ्या-इंजेक्शनेही देऊ नयेत. त्यांनी हेच आजार बळावतात.

नसबंदी झालेली मांजर उंदीर धरीत नाही, हेही खरे नव्हे. शिकारीची ओढ जात नाही. ती थोडी लठ्ठ होते, एवढेच. खाणे बेताने द्यावे.

"फादर, हे देवाच्या योजनेविरुद्ध नाही का?" असे काहीजण विचारतात. नाही. नसबंदीविषयी ख्रिस्तसभेची शिकवण आहे ती माणसांसाठी. देवणीचा गोऱ्हा खच्ची करून आपण औताला जुंपतो, तेव्हा ही शंका कोणी काढीत नाही. जनावरांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे मात्र १९९२ चा धर्मशिक्षणग्रंथ स्पष्ट सांगतो.

बीदरला नंदीनगरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. तेथे, किंवा जवळच्या सरकारी पशुचिकित्सालयात चौकशी करावी. शस्त्रक्रियेआधी किती तास उपाशी ठेवायचे, ते डॉक्टरांनाच विचारावे. त्याच खेपेस रेबीजची लसही टोचून घ्यावी. नंतर दहाएक दिवस मांजर घरात, कोरड्या जागी ठेवावी. टाके चाटू देऊ नयेत. दुखते म्हणून आपली पॅरासिटामॉलची गोळी तिला कदापि देऊ नये. मांजरीला ती विषच आहे.

बैलाच्या खुराला जखम झाली तर आपण त्याच दिवशी डॉक्टर गाठतो. धान्य राखणाऱ्या या मुक्या जीवासाठी जन्मात एकदा तेवढी खेप करावी, एवढेच आमचे सांगणे.