महामार्गाचे मोल आणि दिलाशाचे तीस टक्के

मुंबई-आग्रा महामार्ग नरडाण्यावरून जातो, हे सरकारी अहवालांत नेहमीच नरडाण्याचे भाग्य म्हणून सांगितले जाते. उत्तरेस पळासनेरपाशी मध्य प्रदेशाची सीमा, दक्षिणेस धुळे शहर, मधे तापी आणि सुलवाडे बॅरेजने अडविलेले तिचे पाणी, शिवाय पूर्व-पश्चिम धावणारी सुरत-भुसावळ रेल्वे. एवढे सगळे एका टापूत एकवटल्यावर तेथे समृद्धी आपसूकच अवतरली पाहिजे, असा निष्कर्ष मुंबई-दिल्लीच्या कचेऱ्यांत नकाशा पाहून काढण्यात येतो. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याच्या आराखड्यात या माळरानाला ‘धुळे-नरडाणा गुंतवणूक क्षेत्र’ असे भारदस्त नाव मिळाले, तेही याच रीतीने. महाराष्ट्रात त्या पट्ट्याची उभारणी प्रामुख्याने शेंद्रा-बिडकीनकडे झाली. नरडाण्याच्या वाट्याला नाव तेवढे आले.

नकाशात रस्ता दिसतो. तो ज्या जमिनीवरून गेला ती कोणाची होती आणि काय भावाने घेतली, हे दिसत नाही. धुळे ते पळासनेर हा सुमारे 89 किलोमीटरचा तुकडा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ या पद्धतीने खासगी कंत्राटदारांकरवी चौपदरी करण्यात आला. सोनगीर आणि शिरपूर येथे पथकर नाके उभे राहिले. या पथकराचा दर कसा वाढतो हे प्रत्येक कार्यकर्त्याने एकदा समजून घ्यावे. राष्ट्रीय महामार्ग शुल्क नियम 2008 अन्वये तो दरवर्षी 3 टक्क्यांनी वाढतोच, आणि शिवाय घाऊक किंमत निर्देशांकात जी वाढ होईल तिच्या 40 टक्के भाग त्यात मिळविला जातो. महागाईपासून पथकर वसूल करणाराचे संरक्षण करण्याची तरतूद अशी कायद्यातच आहे. त्यासाठी त्याला मोर्चा काढावा लागत नाही की कलेक्टर कचेरीसमोर उपोषणाला बसावे लागत नाही.

आता शेतकऱ्याकडे पाहावे. महामार्ग कायद्याखाली जमिनीचा भाव संपादनाची अधिसूचना ज्या दिवशी राजपत्रात प्रसिद्ध झाली त्या दिवसाचा धरला जातो. मोजणी पुढे होते, निवाडा त्याहून पुढे होतो, पैसे हातात पडतात तेव्हा शेजारच्या जमिनीचा भाव रस्त्यामुळेच कितीतरी वर गेलेला असतो. परंतु भाव त्या दिवशी गोठला तो गोठलाच. हा अन्याय तरी सर्व संपादनांना थोड्याफार फरकाने लागू आहे. महामार्गाच्या शेतकऱ्यावर झाला तो याहून वेगळा आणि अधिक उघड.

इंग्रजांनी केलेला 1894 चा भूसंपादन कायदा जुलमी होता, याबद्दल दुमत नाही. तरी 1984 च्या दुरुस्तीनंतर त्यात एवढे तरी होते की, इच्छेविरुद्ध जमीन गेल्याबद्दल बाजारभावावर 30 टक्के दिलासा रक्कम मिळे, अधिसूचनेपासून निवाड्यापर्यंतच्या किंवा ताबा जाईपर्यंतच्या काळासाठी दरसाल 12 टक्के वाढीव रक्कम मिळे, आणि ताबा घेऊनही पैसे थकविले तर पहिल्या वर्षी 9 व पुढे 15 टक्के व्याज मिळे. 1997 साली राष्ट्रीय महामार्ग कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्यात 3-जे हे कलम घुसविण्यात आले. कलम जेमतेम एका वाक्याचे आहे: या कायद्याखालील संपादनाला 1894 चा कायदा लागू असणार नाही. त्या एका वाक्याने दिलासा रक्कम गेली आणि त्या दराचे व्याजही गेले. त्या वेळी दिल्लीत संयुक्त आघाडीचे सरकार होते आणि समाजवादी परंपरा सांगणारे पक्षही त्यात होते, हे या पृष्ठावर नमूद करणे भाग आहे. रस्ते लवकर व्हावेत ही निकड पुढे करण्यात आली. परंतु रस्ता लवकर होण्यासाठी शेतकऱ्याला कमी पैसे का द्यावे लागतात, याचे उत्तर तेव्हाही कोणी दिले नाही.

परिणाम असा झाला की, शिंदखेडा तालुक्यातील एखाद्या शेतकऱ्याची जमीन पाझर तलावासाठी गेली तर त्याला तीस टक्के दिलासा मिळावा, आणि त्याच्याच भावाची बांधाला बांध लागून असलेली जमीन महामार्गासाठी गेली तर मिळू नये. जमीन तीच, काळी माती तीच, घेणारे सरकारही तेच. असा भेद घटनेच्या 14 व्या कलमात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने नागपूर सुधार प्रन्यासाच्या प्रकरणात सत्तरच्या दशकाच्या आरंभीच सांगून ठेवले होते. जमीन कोणत्या कायद्याखाली घेतली यावर मालकाची भरपाई ठरू शकत नाही, हा त्याचा गाभा. महाराष्ट्रातील खटल्यात प्रस्थापित झालेले हे तत्त्व महाराष्ट्रातीलच शेतकऱ्याला महामार्गाच्या कडेला उपयोगी पडू नये, ही आपल्या राज्यकारभाराची तऱ्हा!

19 सप्टेंबर 2019 रोजी तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 3-जे कलम दिलासा रक्कम व व्याज नाकारण्यापुरते घटनाबाह्य ठरविले. यानंतर तरी महामार्ग प्राधिकरणाने जिल्ह्याजिल्ह्यांतून याद्या मागवून पैसे वाटावयास हवे होते. प्राधिकरण उलट न्यायालयातच गेले: हा निकाल पुढच्या काळासाठी धरावा, झालेली प्रकरणे उकरू नयेत. 4 फेब्रुवारी 2025 रोजी न्यायालयाने तो अर्ज फेटाळला. नवा भूसंपादन कायदा महामार्गांना 1 जानेवारी 2015 पासून लागू झाला. तेव्हा 31 डिसेंबर 2014 ला ज्याची जमीन गेली तो दिलाशाला मुकावा आणि दुसऱ्या दिवशी गेली तो पात्र ठरावा, हे विसंगत आहे, असे न्यायालयाने दाखवून दिले. धुळे-पळासनेर चौपदरीकरणाची संपादने बरोबर याच 1997 ते 2014 च्या दरीत पडतात. प्राधिकरणाने मात्र त्यानंतरही खर्चाचा आकडा पुढे करून न्यायालयाचा उंबरठा सोडलेला नाही.

हा खर्चाचा युक्तिवाद थोडा तपासून पाहण्याजोगा आहे, कारण तो सामान्य माणसालाही पटण्याचा संभव असतो. तिजोरीवर बोजा पडेल, असे म्हटले जाते. परंतु हा बोजा नवा नाही. शेतकऱ्याच्या खिशातून घेतलेले हे जुने कर्ज आहे आणि त्यावर आजवर व्याजही दिलेले नाही. शिवाय तिजोरीची ही काळजी सर्वांच्या बाबतीत सारखीच वाहिली जाते काय? याच रस्त्यावर हाडाखेडला सीमा तपासणी नाका आहे. 1972 पासून राज्यात कापसाची एकाधिकार खरेदी होती तेव्हा सेंधव्याच्या बाजारात भाव अधिक असला तरी शिरपूरच्या शेतकऱ्याची कापसाची गाडी या सीमेवर अडविली जाई. पुढे राज्यभरच्या सीमा नाक्यांचे आधुनिकीकरण खासगी कंपनीकडे सोपविण्यात आले आणि मालमोटारींकडून सेवाशुल्क वसूल होऊ लागले. 1 जुलै 2017 ला वस्तू व सेवा कर आला, विक्रीकराच्या तपासणीचे प्रयोजन संपले. शुल्क संपले नाही. 2025 च्या आरंभी परिवहन खात्याने नाके बंद करण्याची तयारी सुरू केली, तेव्हा खासगी चालकाला सुमारे 504 कोटी रुपये भरपाई देण्याचा प्रस्ताव लगोलग तयार होता. त्या प्रस्तावाचे पुढे काय व्हायचे ते होवो. नाका बंद झाल्यास चालकाचे भावी उत्पन्न बुडते म्हणून त्याची भरपाई द्यावी, हे सरकारला आपण होऊन सुचते. जमीन गेल्यावर शेतकऱ्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे उत्पन्न बुडते, हे मात्र सर्वोच्च न्यायालयाने दोनदा सांगूनही पटत नाही.

आणि हे प्रकरण केवळ मागचे नाही. नरडाण्याच्या टापूत जमिनीची मागणी संपलेली नाही. औद्योगिक वसाहतीने जमीन घेतली. 16 फेब्रुवारी 2019 रोजी धुळ्याला पंतप्रधानांच्या हस्ते सुलवाडे-जामफळ-कनोली उपसा सिंचन योजनेची आणि धुळे-नरडाणा रेल्वेमार्गाची पायाभरणी झाली. तापीचे पुराचे पाणी सोनगीरजवळच्या जामफळ धरणात उचलून सुमारे 33 हजार हेक्टर भिजवावयाचे, ही योजना निःसंशय इष्ट आहे. तापीकाठच्या सहकारी उपसा योजना वर्षानुवर्षे बंद पडलेल्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना नदीकाठी राहून कोरडे राहणे म्हणजे काय हे सांगावयास नको. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला 2 सप्टेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 18,036 कोटी रुपये खर्चासह मंजुरी दिली, तीही खानदेशाची जुनी मागणी होती. विरोध रस्त्याला, रेल्वेला किंवा धरणाला नाही. परंतु धरणाखाली गेलेली जमीन, रुळाखाली गेलेली जमीन आणि डांबराखाली गेलेली जमीन यांचे हिशेब निरनिराळ्या कायद्यांनी व निरनिराळ्या गुणकांनी व्हावयाचे असतील, तर तोच जुना भेद नव्या नावाने सुरू राहणार. 2021 साली राज्य सरकारने ग्रामीण भागातील महामार्गांसाठी भरपाईचा गुणक 2 वरून 1 वर आणला, यावरून वारा कोणीकडे वाहतो आहे हे कळते.

याच शिंदखेडा तालुक्यातील विखरणचे वृद्ध शेतकरी धर्मा पाटील यांनी 22 जानेवारी 2018 रोजी मंत्रालयात विष घेतले आणि 28 जानेवारीस त्यांचा मृत्यू झाला. त्यांची सुमारे 5 एकर जमीन रस्त्यासाठी नव्हे, वीज प्रकल्पासाठी गेली होती. हाती सुमारे 4 लाख रुपये टेकविण्यात आले होते. मरणानंतर फेरमूल्यांकन झाले आणि रक्कम कित्येक पटींनी वाढली. म्हणजे पहिला आकडा चुकीचा होता हे सरकारनेच मान्य केले. जिवंतपणी त्यांनी दिलेल्या अर्जांत आणि मृत्यूनंतरच्या फायलीत जमिनीच्या दृष्टीने कोणताच फरक नव्हता.

आतापर्यंत झाली ती सातबारावर नाव असलेल्यांची गोष्ट. ज्याचे नाव कोठेच नाही त्या सालदाराची गोष्ट निवाड्यात येतच नाही. शेत अर्धे झाले की मालक सालदार ठेवीत नाही. त्याची भरपाई कोणत्या कलमाखाली मागावी? पळासनेर-सांगवीकडच्या पावरा-बारेला कुटुंबांना या रस्त्याने दिलेली मुख्य सोय म्हणजे मजुरीसाठी बाहेर पडण्याची. 4 जुलै 2023 रोजी बिजासन घाटाकडून उतरणाऱ्या मालमोटारीचे ब्रेक निकामी झाले आणि ती वाहनांना धडक देत पळासनेरच्या रस्त्याकडेच्या हॉटेलात घुसली. किमान 10 माणसे जागीच किंवा उपचारांपूर्वी गेली. दरवर्षी ठरल्याप्रमाणे पथकर वाढविणारांनी, रस्त्यालगत ज्यांना उभे राहावेच लागते त्यांच्या जिवाचा हिशेब तेवढ्याच नियमाने ठेवला असता, तर घाटाच्या उतारापासून गाव आणि थांबा सुरक्षित राखणे अशक्य नव्हते.

कार्यकर्त्यांपुढचे काम निवेदने देण्याहून किचकट आहे. देवभाने, सोनगीर, नरडाणा, सावळदे, दहिवद, सांगवी, हाडाखेड, पळासनेर या गावांतील किती खातेदारांनी निवाड्याविरुद्ध लवादाकडे दाद मागितली होती आणि किती जणांनी मिळेल ते घेऊन सही केली, याची गावनिहाय यादी प्रथम हवी. कारण कोणाचा दावा मुदतीत बसतो आणि कोणाचा नाही, हे प्रत्येकाच्या कागदावरच ठरणार. लवाद केंद्र सरकारच नेमते आणि तो बहुधा महसूल खात्यातलाच वरिष्ठ अधिकारी असतो, म्हणून कागद पक्के असल्याखेरीज त्याच्यासमोर उभे राहण्यात अर्थ नाही. अधिसूचनेची तारीख, ताब्याची तारीख, पैसे मिळाल्याची तारीख, लवादाकडील अर्जाची पोच, आणि मूळ खातेदार वारला असल्यास वारसांचा फेरफार. बहुतेक घरांतून हे कागद ट्रंकेच्या तळाशी असतात, काही घरांतून दलालाकडे गहाण पडलेले असतात. निवाड्यांच्या नकला धुळ्याच्या भूसंपादन कचेरीतून अर्ज करून मागता येतात. टाळाटाळ झाल्यास माहिती अधिकाराचा अर्ज करावा, त्याला 30 दिवसांत उत्तर देणे कायद्याने बंधनकारक आहे.